हवेची वाट

"ते मशीन बंद कर," आई म्हणाल्या.

सानिकाला खांद्यावर टाकून मी दूध गरम करत होते. आई म्हणजे माझ्या सासूबाई, अनसाबाई लोंढे. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभ्या होत्या आणि माझ्याकडे न बघता बाहेर बघत होत्या.

"कपडे अजून ओले आहेत, आई. दोनदा फिरवलं, आता तिसऱ्यांदा लावलंय."

"म्हणूनच म्हणते. तिसऱ्यांदा कशापायी लावायला लागतंय?"

हे २००३ सालच्या जानेवारीतलं. अमेरिकेत, क्लीव्हलंडजवळच्या एका लहानशा गावात आम्ही आदल्या वर्षी जुनं एकमजली घर घेतलं होतं. सानिका तीन महिन्यांची होती. आई तिच्यासाठी सोलापूरहून आल्या, त्याला दोन महिने झाले होते. माझा नवरा, दिगंबर, त्या आठवड्यात कामासाठी सिॲटलला होता आणि येत्या रविवारी आमच्याकडे सानिकाचं राहून गेलेलं बारसं होतं. बाहेर गुडघाभर बर्फ. तान्ह्या बाळाचे दिवसाला वीस-पंचवीस कपडे निघायचे आणि ते वाळवायला कपडे वाळवायचं मशीन, म्हणजे आमचा ड्रायर, हा एकच आधार.

"जुनं आहे हो ते," मी म्हटलं. "जुनी मशीनं वेळ घेतात."

"इकडं ये जरा."

मी गेले. समोरच्या घराच्या भिंतीतून, जमिनीपासून हातभर उंचीवर, पांढरीशुभ्र वाफ भसाभसा बाहेर येत होती. कडाक्याच्या थंडीत ती ढगासारखी वर चढायची आणि विरून जायची.

"त्या बाईनं आत्ता कापडं लावल्यात," आई म्हणाल्या. "रोज सकाळी लावती. अर्ध्या तासानं वाफ थांबती. तिच्या पलीकडच्या घरातनं सांजच्याला येती. आपल्या घराची मी आठ दिस बघायलीय. एकदाबी आली न्हाई."

मला हसू आलं, थोडं वैतागाचं. मी इथे झोपेसाठी तडफडत होते आणि आई लोकांच्या भिंती मोजत होत्या.

"आपलं भोक मागच्या बाजूला असेल."

"मागंच हाय. मी बघून आले."

तेव्हा माझं लक्ष दाराकडे गेलं. दिगंबरचे बर्फातले बूट दारात ओले पडले होते आणि त्याचा जाड कोट खुर्चीवर. नऊवारी लुगड्यावर तो कोट चढवून ही बाई घराला वळसा घालून आली होती.

"झाकण लावलंय बघ तिथं, पत्र्याचं. मशीन चालू असताना ते उघडाय पाहिजे. मी सुताचा दोरा धरून बघितला त्याच्याम्होरं. दोरा हललासुद्धा न्हाई. हवेला वाट न्हाई, रेवती. आतल्या आत कोंडायलीय ती."

मी दुरुस्तीवाल्या कंपनीला फोन केला. त्यांनी अकरा दिवसांनंतरची तारीख दिली. मी आईंना तसं सांगितलं.

"मग अकरा दिस लावू नको."

"आणि कपडे?"

"मी वाळवते."

आणि त्यांनी वाळवले. दोन दिवसांत माझ्या घराची जी काय रया गेली ती काय सांगू. खुर्च्यांच्या पाठी, सोफ्याचे हात, न्हाणीघराचा दांडा, दाराच्या मुठी, सगळीकडे लंगोट आणि झबली. हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी, तिच्यावर ओळीनं दुपटी. घरभर ओलसर वास. रविवारी इथल्या मराठी मंडळातल्या आठ बायका येणार होत्या. त्यांच्या घरातल्या काचेवर बोटाचा ठसासुद्धा नसायचा.

शुक्रवारी सकाळी सानिकाला दूध पाजून उठले आणि एक ओलं दुपटं फटकन तोंडावर बसलं. मी सुतळी ओढून काढली, सगळे कपडे गोळा करून ड्रायरमध्ये कोंबले आणि बटण दाबलं.

आई धावत आल्या. "नको लावूस, पोरी."

"आई, पुरे झालं," मी म्हटलं. आवाज चढला होता आणि मी तो खाली आणला नाही. "हे सोलापूर नाही. इथली मशीनं तुम्हाला कळायची नाहीत. तुम्ही बाळाला बघा. बाकीचं डोकं चालवू नका."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. राग नव्हता तो. मार बसणार हे आधीच ठाऊक असलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा. त्या गप्प झाल्या आणि सानिकाच्या खोलीत निघून गेल्या.

मी रविवारची यादी करायला बसले. अर्धा तास गेला असेल. आई सानिकाला दुपट्यात गुंडाळून बाहेर आल्या आणि तिला माझ्या हातात दिलं.

"हिला धर. आणि चल."

"कुठे?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. ड्रायर घराच्या मधोमध एका कोनाड्यात होता. त्याचा हवेचा पाइप आधीच्या मालकानं सानिकाच्या खोलीच्या कोपऱ्यातून, भिंतीलगत लाकडी खोका करून, बाहेरच्या भिंतीपर्यंत नेला होता. आईंनी मला त्या खोलीत नेलं, माझा हात धरला आणि त्या खोक्यावर ठेवला.

मी हात मागे घेतला. लाकूड तापलं होतं. सानिकाचा पाळणा त्यापासून वीतभर दूर होता.

"आता वास घे," आई म्हणाल्या.

इस्त्रीखाली कापड राहून गेलं की येतो तसा वास. फार नाही, थोडासा. मी उभीच राहिले. आई मात्र थांबल्या नव्हत्या. त्या कोनाड्यात गेल्या, ड्रायरच्या मागे हात घातला आणि त्याचा प्लग ओढून काढला. घरातली घरघर बंद झाली.

"बाळाला पुढच्या खोलीत निजव," त्या म्हणाल्या. "आणि मला एक लांब नळी दे. वाकणारी, पण लई मऊ नको. झाडांना पाणी घालायची हाय ना गॅरेजात, ती चालंल."

त्यानंतर दोन तास मी जे पाहिलं ते आजही मला हावभावांसकट आठवतं. साठीला आलेली, पाच फुटांपेक्षा कमी उंचीची ही बाई. अमेरिकेत आल्यापासून सोफ्यावरसुद्धा कडेला, अर्धीच बसणारी. टीव्हीचा रिमोट हातात घ्यायला घाबरणारी. तिनं पदर कमरेला खोचला, तोंडाला रुमाल बांधला आणि आधी काही न करता नुसतं बघितलं. मशीनच्या मागची बाजू, पाइप कुठून निघतो, कुठे वळतो. खोक्यावर बोटाच्या पेरानं टकटक करत ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मध्ये दोनदा थांबली.

"इथं लई कचरा हाय. आणि तिथं, वळणाला. बाहेरच्या तोंडाला तर बूचच बसलंय. आधी बाहेरनं मोकळं करायचं. न्हाईतर आतनं ढकलंल तेवढं तिथंच ठासंल."

"मी जाते बाहेर," मी म्हटलं. निदान तेवढं तरी.

"जा. चमचा नको नेऊस, उलथणं ने."

मी मागच्या बाजूला बर्फात गुडघे टेकून बसले. पत्र्याचं झाकण बर्फानं चिकटलं होतं. उलथण्यानं खरवडून ते उचकटलं, तेव्हा आत राखाडी रंगाचा, ओला होऊन गोठलेला लगदा दिसला. घट्ट, लोकरीच्या नमद्यासारखा. त्याच्यात काड्या, वाळकं गवत, दोन पिसं. कुठल्यातरी पक्ष्यानं उन्हाळ्यात घरटं केलं होतं आणि मग सहा-सात महिने आमच्या कपड्यांचा तूस, म्हणजे धाग्यांची लव, येऊन त्याच्यावर बसत गेला होता. मी ओढत राहिले. बादली भरली तरी संपेना.

आत आले तर आईंनी आपल्या एका जुन्या लुगड्याची पट्टी फाडून नळीच्या तोंडाला गाठोड्यासारखी आवळून बांधली होती. मुठीपेक्षा थोडी मोठी.

"लई मोठं केलं तर अडकतंय. लई लहान केलं तर नुसतं फिरून येतंय," त्या म्हणाल्या. "हे एवढं बरोबर."

आम्ही दोघींनी ड्रायर पुढे ओढला. त्याच्या मागे पांढऱ्या प्लास्टिकची घड्यांची नळी होती, मशीनपासून भिंतीपर्यंत. आईंनी ती हळूच, दोन्ही हातांनी, मान धरल्यासारखी सोडवली आणि बाजूला ठेवली. मग भिंतीतल्या पाइपात लुगड्याचं गाठोडं घातलं आणि नळी ढकलायला सुरुवात केली. ढकलायच्या, जराशा मागे घ्यायच्या, पिळा द्यायच्या, पुन्हा ढकलायच्या. त्या जोर लावताना दिसतच नव्हत्या. पाइपातून कसला आवाज येतो तिकडे त्यांचा कान होता. वळणापाशी नळी अडली तेव्हा मी म्हटलं, "जोरानं ढकलू का?"

"न्हाई. पाइप फाटंल. नळीला वाट दाव, ती आपणच जाती."

त्यांनी नळी उलट्या बाजूला पिळली, आणि ती गेली. मी पुन्हा बाहेर धावले. लुगड्याचा हिरवा तुकडा भिंतीतून बाहेर आला आणि त्याच्यापुढे राखाडी पुंजक्यांचा ढीग बर्फावर पडला. चार वेळा त्यांनी तसं केलं. पाचव्या वेळी गाठोडं जसं गेलं तसं स्वच्छ बाहेर आलं. उरलासुरला भुगा मी व्हॅक्यूमनं ओढून घेतला. मशीनचं मागचं तोंडही आईंनी मला दोनदा व्हॅक्यूमनं साफ करायला लावलं.

शेवटी त्यांनी ती पांढरी प्लास्टिकची नळी उचलली आणि माझ्यासमोर उघडून धरली.

मशीनच्या बाजूचं टोक तपकिरी झालं होतं. एका जागी प्लास्टिक वितळून आत ओघळलं होतं. आणि त्याला चिकटलेला तुसाचा एक पुंजका, लिंबाएवढा, कडेनं काळा पडला होता. काजळीसारखा नाही. जळून विझलेल्या वातीसारखा.

आईंनी ती नळी बादलीत टाकली, वर पाणी ओतलं आणि बादली बर्फात नेऊन ठेवली.

दुपारी सानिकाला गाडीत घालून मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानातल्या म्हाताऱ्या माणसाला मी बादलीतून पिशवीत घालून आणलेली ती नळी दाखवली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाशी, गाडीतून उचलून आणलेल्या खुर्चीत झोपलेल्या सानिकाकडे.

"हे कुणाच्या लक्षात आलं?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"माझ्या सासूबाईंच्या."

"त्यांना माझा नमस्कार सांगा," तो म्हणाला आणि धातूची नवी नळी काढून, ती कशी बसवायची ते मला दोनदा समजावून सांगितलं.

नळी आम्ही संध्याकाळी बसवली. मी स्क्रू आवळले, आईंनी बॅटरी धरली. मग चहा करून मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, कारण त्याही जमिनीवरच बसल्या होत्या.

"आई, तुम्हाला हे कसं कळलं?"

"कापसाचं काम केलेल्याला कळतंय."

"तरी पण."

त्यांनी बशीत चहा ओतला. मला वाटलं, त्या टाळतायत. पण त्या कुठून सुरुवात करावी ते ठरवत होत्या.

"आमच्या सूतगिरणीत जमिनीखालनं बोगदे होते. वर सूत काढायचे साचे, त्यांच्याखाली जाळ्या, आणि जाळ्यांच्या खाली बोगदा. मोठा पंखा हवा ओढून घ्यायचा, हवेबरोबर उडती रुई खाली यायची. सुट्टीच्या दिवशी आत शिरून ती काढायची. कमरेएवढा बोगदा. गडी वाकून वाकून कंटाळायचे. मी बारकी होते. मग मलाच घालायचे."

"किती वर्षं?"

"बोगद्यात सतरा. एकूण अठ्ठावीस." त्यांनी चहाचा घोट घेतला. "एका बाजूची हवा ओढेना झाली होती. मी जाळीवर रुईचा पुंजका धरून बघायची. बाकीकडं सर्रकन खाली जायचा, तिथं नुसता थरथरायचा. मी फिटरला सांगितलं. सगळ्यांच्या म्होरं तो म्हणाला, झाडूवालीनं झाडू मारायचा, डोकं चालवायचं न्हाई. सगळी हसली. मीबी हसले. आणि गप बसले."

बाहेर रस्त्यावरून बर्फ लोटणारी गाडी गेली. तिचा आवाज गेला तशी त्यांनी बशी खाली ठेवली.

"आठव्या दिशी वरच्या साच्याची ठिणगी पडली. रुईला आग कशी धरती तू बघितलं न्हाईस. जळत न्हाई ती, पळती. या टोकाला दिसली म्हणेपर्यंत त्या टोकाला असती. सिद्राम म्हणून तेलपाणी करणारा गडी जाळी उघडाय गेला. दोन्ही हात गेले त्याचे. म्हणजे होते, पण कामाचे न्हाईत. जगला. आमच्याच चाळीत राहायचा. त्याची बायको त्याला घास भरवायची, मी पाण्याला जाता-येता बघायची. माझ्याशी लई चांगला बोलायचा तो. त्याला ठाऊकच नव्हतं."

"काय ठाऊक नव्हतं?"

"की मला आठ दिस आधी ठाऊक होतं."

मी मान खाली घातली. सकाळचे माझे शब्द मला आठवले, एकेक. डोकं चालवू नका. फिटरच्या तोंडातले शब्द मी न ऐकताच उचलले होते.

आईंनी ते ओळखलं असावं. "तू बोललीस त्याचं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "बाळंतीण बाई, झोप न्हाई. पण तू बोललीस आणि मी गप बसून बाळाजवळ गेले. तिथं बसले आणि म्हटलं, अनसे, दुसऱ्यांदा गप बसायलीस व्हय? मग उठले."

शनिवारी दिगंबर परतला. त्याला मी बर्फातली बादली आणि ती जळकी नळी दाखवली. तो बराच वेळ बर्फात उभा राहून तिच्याकडे बघत होता. मग आत येऊन आईच्या शेजारी बसला आणि तिचं बोट धरून, लहान मुलासारखा बसून राहिला.

रविवारी बारसं झालं. आठ बायका आल्या, जरीच्या साड्या, गजरे नव्हते म्हणून कागदी फुलं. घर लख्ख होतं. पाळणे म्हटले गेले, घुगऱ्या वाटल्या, सानिकानं सगळ्यांच्या मांड्यांवर एक फेरी मारली. आई नेहमीप्रमाणे सोफ्याच्या कडेला अर्ध्या बसल्या होत्या. मंडळातली मीनल गोखले त्यांच्याजवळ सरकली आणि सहज म्हणाली, "मावशी, तुम्ही पण नोकरी करायचात ना? रेवती मागे म्हणाली होती, मिलमध्ये सुपरवायजर होता म्हणून."

मी हे म्हटलं होतं. मीनललाच नाही, सगळ्यांना. लग्नाआधी पुण्यात माझ्या आईबाबांनाही. दिगंबरनं मला कधी खोटं सांगितलं नव्हतं. मीच त्याचं 'मिलमध्ये होती' हे वाक्य उचललं आणि पुढचं स्वतः लावलं. मला वाटायचं, आईंना हे माहीत नाही.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग मीनलकडे वळून, अगदी शांतपणे त्या म्हणाल्या, "व्हय. सुपरवायजर होते."

त्यांना माहीत होतं. कधीपासून, कुणास ठाऊक. फोनवर ऐकलं असेल. आणि त्या माझी लाज राखत होत्या, माझ्याच घरात, मी मागितलं नसताना.

माझ्या हातात घुगऱ्यांचं पातेलं होतं. ते मी खाली ठेवलं.

"नाही," मी म्हटलं. "मी खोटं सांगितलं होतं. आई सूतगिरणीत झाडूवाली होत्या. अठ्ठावीस वर्षं. त्यातली सतरा वर्षं त्या जमिनीखालच्या बोगद्यात शिरून रुई काढायच्या. आणि परवा त्यांनी सानिकाचा जीव वाचवला."

आईंनी पदर ओढून घेतला आणि जमिनीकडे बघत राहिल्या. मी सगळं सांगितलं. वाफ, दोरा, तापलेला खोका, लुगड्याची पट्टी. मी त्यांना काय बोलले होते तेही. सांगून झाल्यावर दिगंबर बाहेर जाऊन ती नळी घेऊन आला आणि ती वितळलेली कड एकीच्या हातातून दुसरीच्या हातात फिरली.

"आमच्याकडे पण दोनदा फिरवावं लागतं," कुणीतरी हळूच म्हणालं.

"आमच्याकडे तर पाइप कुठून जातो तेच माहीत नाही," दुसरी म्हणाली.

मीनल उठली. तिनं आईंचा हात धरून त्यांना उठवलं. "मावशी, दाखवा ना आम्हाला, कसं करायचं ते."

त्या कोनाड्यात दोन माणसं जेमतेम मावायची. तिथे आठ पैठण्या दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. आई मध्यभागी होत्या. त्यांनी कमरेला पदर खोचला, घसा साफ केला आणि एकेकीकडे बघितलं, नव्या बायका कामावर आल्यावर जुन्या बाईनं बघावं तसं.

मीनलनंही आपला जरीचा पदर खोचला. "मावशी, आधी काय, मशीन पुढं ओढायचं?"

"न्हाई," आई म्हणाल्या. "आधी प्लग काढायचा. मग बाकीचं."